बालाघाटावरचा समुद्र

यंदाच्या अंकाचा विषय 'मीठ' ठरल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा डोळ्यांपुढे आधी मिठागरंच आली. उरण, भाईंदर, शिरोडा. पण मला मिठाबद्दल सगळ्यात जास्त शिकवलं ते समुद्रापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून लांब असलेल्या एका गावानं. बीड जिल्ह्यातलं किल्ले धारूर. तिथे माझ्या मामेभावानं बाहेरच्या खोलीत चार फूट लांबीच्या काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यातले मासे पाळले आहेत. गोडे नव्हे, खऱ्या समुद्रातले. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊनफिशची जोडी, एक निळा डॅम्सेल, लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली क्लीनर श्रिम्प, काही शंखातले खेकडे आणि गोगलगायी.

तेलगावकडून येताना धारूरचा घाट लागतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, उतारावर सीताफळाची झुडपं. वर बालाघाटाचं पठार, आणि पठाराच्या टोकाला तीन बाजूंनी दरी असलेला किल्ला. जुनं नाव महादुर्ग. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं तो नव्यानं बांधला, पुढे त्याला फत्तेहाबादही म्हणू लागले. किल्ल्यातल्या पाण्याच्या जागांना 'खारी दिंडी' आणि 'गोडी दिंडी' अशी नावं आहेत. या पठारावर पाण्याचा हिशेब पूर्वीपासूनच असा चवीसकट ठेवलेला दिसतो.

गावात शिरलं की पाण्याचा आजचा हिशेब दिसतो. थंड पाण्याचे जार भरलेला छोटा हत्ती, दारादारांत निळी पिंपं, गच्चीवर काळ्या टाक्या. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा इथे रोजच्या बोलण्यातला विषय. अशा गावात कुणी समुद्र सांभाळतो म्हटल्यावर कुतूहलाच्या आधी प्रश्न उभा राहतो, आणि तो मामींनी मी चहा पिते न पिते तोच विचारला. "माणसाला पाणी पुरंना, अन् ह्याच्या माशाला रोज फिल्टरचं पाणी लागतंय. तूच सांग बाई ह्याला काही." या लेखात पुढे जे काही आहे, ते बरंचसं त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना हाती आलेलं आहे.

मीठ उडत नाही

टाकीच्या कपाटात खाली आणखी एक काचेची टाकी असते. हौशी मंडळी तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी नळीतून खाली उतरतं, तिथे फेस काढणाऱ्या यंत्रातून जातं आणि पंपानं पुन्हा वर चढतं. दोन्ही मिळून दगड-वाळू वगळता अडीचशे लिटर पाणी. त्यात प्रत्येक लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, म्हणजे साडेआठ-पावणेनऊ किलो मीठ त्या खोलीत कायम विरघळलेलं असतं.

"ताई, सगळा खेळ एकच," मामेभाऊ म्हणाला. "पाणी उडतंय, मीठ उडत नाही."

आमटी आटली की खारट होते. मीठ वाढलेलं नसतं, पाणी कमी झालेलं असतं. टाकीचंही तेच. उन्हाळ्यात धारूरची हवा कोरडी, त्यात पाणी थंड राहावं म्हणून वर लावलेला छोटा पंखा. रोज चार ते साडेचार लिटर पाणी वाफ होऊन जातं. पावसाळ्यात दोन लिटर, हिवाळ्यात त्याच्या अधलंमधलं. साडेचार लिटर हा अडीचशेचा दोन टक्क्यांहूनही कमी हिस्सा. एका दिवसात ३५चे ३५.६ होतात, एवढंच. पण आठवडाभर कुणी बघितलं नाही तर तेच ३५ चाळिशीला टेकतात. खरं तर त्याआधीच खालच्या टाकीतली पातळी इतकी उतरते की पंप हवा ओढायला लागतो आणि आवाजानं घर जागं होतं.

नवशिक्याला इथेच फसगतीची जागा असते. खाऱ्या पाण्याची टाकी कमी झाली तर खारंच पाणी घालावं, असं साहजिकच वाटतं. तसं केलं की उडालेल्या पाण्याच्या जागी मीठही येतं, आणि ते जायला वाट नसते. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानंच करायची. म्हणून ज्याला घरात समुद्र सांभाळायचा आहे त्याचं रोजचं काम मिठाशी नसून गोड्या पाण्याशी असतं. मिठाची बादली पंधरा दिवसांतून एकदा उघडली जाते. गोड्या पाण्याचा डबा मात्र कधीच रिकामा होऊ द्यायचा नसतो. धारूरसारख्या गावी याचा अर्थ किती कठीण आहे, हे सांगायला नको.

किराणा दुकानात न मिळणारं मीठ

मीठ इथवर येतं ते पुण्या-मुंबईहून, कुरिअरनं, बादलीत किंवा जाड पिशवीत. मामींनी पहिल्यांदा ती बादली पाहिली तेव्हा त्यांना त्यात काय विशेष हे कळलं नव्हतं. घरात मिठाचा पुडा होताच की.

फरक मोठा आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज जगभरचे समुद्र धुंडाळत फिरलं. त्यानं आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष छापले. समुद्र कुठे जास्त खारा, कुठे कमी. पण त्या खारटपणातल्या घटकांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच. साधारण ५५ टक्के क्लोराइड, ३० टक्क्यांहून थोडं जास्त सोडियम, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि उरलेल्या चिमटीत इतर बरंच काही. म्हणजे समुद्रातल्या मिठाचा सातवा हिस्सा आपल्या जेवणातलं मीठ नसतोच.

हा सातवा हिस्सा कुठे जातो ते मिठागरात दिसतं. समुद्राचं पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सोडत, उन्हात आटवत नेतात. घट्टपणा मोजायला बोमे अंशाचा काटा असतो. समुद्राचं पाणी त्यावर तीन-साडेतीन अंश दाखवतं. पंचवीसच्या आसपास मीठ धरायला लागतं. पुढे तिशीच्या आत ते ओढून घ्यायचं, कारण त्यानंतर मॅग्नेशियमचे कडवट क्षार खाली बसू लागतात. ते कडू पाणी बाजूला काढून टाकतात म्हणूनच आपलं मीठ चवीला मीठ लागतं. १९३०च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रहींनी उचललं ते हेच मीठ. पण गोगलगायीला शंख बांधायला कॅल्शियम लागतं, आणि ते पाण्यात विरघळलेलं राहायला मॅग्नेशियम लागतं. मिठागरात वेगळं काढलेलं सगळं परत त्याच प्रमाणात एकत्र करून पिशवीत भरलं, की ते मत्स्यालयाचं मीठ होतं. म्हणून ते महाग.

पंधरा दिवसांतून एकदा टाकीतलं दहावा हिस्सा पाणी, म्हणजे २५ लिटर, बदलायचं. त्यासाठी आदल्या दिवशी झाकणाच्या पिंपात शुद्ध पाणी घेऊन आधी पंप सुरू करायचा आणि मग हळूहळू मीठ सोडायचं. उलट केलं, मिठावर पाणी ओतलं, की तळाशी कॅल्शियमचा पांढरा साका धरतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. लिटरला किती मीठ? ३५ ग्रॅम म्हणावं तर तेवढ्यानं भागत नाही. या मिठाच्या कणांत पाणी धरलेलं असतं, शिवाय पावसाळ्यात बादली उघडली की ते आणखी ओल खातं. बनावटीप्रमाणे ३६पासून ४० ग्रॅमपर्यंत लागतं. मामेभावाच्या पिंपाला ९५० ग्रॅम पडतात. पावसाळ्यात थोडे जास्त. तो वजन करतो, पण विश्वास वजनावर ठेवत नाही. रात्रभर पाणी फिरू देतो आणि सकाळी मोजतो.

मोजायचं कशानं

मोजण्याची साधनं तीन. पहिलं, काट्याचं किंवा तरंगतं हायड्रोमीटर. ते पाण्याची घनता सांगतं. २५ अंश तापमानाला ३५चं पाणी गोड्या पाण्याच्या १.०२६४ पट जड असतं. स्वस्त, पण काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चढतो, आणि क्षार जमले की काटा अडकतो. दुसरं रिफ्रॅक्टोमीटर. टोकाच्या काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे पडेल तो आकडा. तिसरं, पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून खारेपणा सांगणारं मीटर. ३५च्या पाण्याची वाहकता २५ अंशाला ५३ मिलिसीमेन्स असते.

बहुतेकांकडे दुसरं असतं, आणि त्याच्याबाबतीत एक चूक सर्रास होते. शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य लावायचं आणि निश्चिंत व्हायचं. शून्य बरोबर असलं म्हणून ३५ बरोबर असेलच असं नाही. यातली बरीच यंत्रं मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात आणि समुद्राच्या पाण्याशी त्यांची पट्टी तंतोतंत जुळत नाही. जिथे मोजायचं आहे तिथेच ती जुळवून घ्यावी लागते, म्हणजे ३५चं प्रमाणित द्रावण वापरून. ते विकत मिळतं. न मिळालं तर ३६.५ ग्रॅम शुद्ध, बिनआयोडीनचं मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावं. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत हे द्रावण ३५च्या समुद्राच्या पाण्यासारखंच वागतं. धारूरसारख्या ठिकाणी, जिथे एखादी बाटली मागवली की चार दिवस वाट बघावी लागते, तिथे हा उपाय मोलाचा आहे. फक्त वजनकाटा सोनाराचा हवा, भाजीवाल्याचा चालत नाही.

मामेभावाच्या कपाटाच्या दाराला आतून शाळेची वही टांगलेली आहे. तारीख, आकडा, तापमान, किती पाणी घातलं. मी चाळून बघितली. ओळींमागून ओळी ३५, ३४.८, ३५, ३५.२. बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटेल अशी ती वही मला फार सुंदर वाटली. एवढ्या कंटाळवाण्या आकड्यांसाठी किती लक्ष द्यावं लागतं, हे आता कळत होतं.

माशाला काय कळतं

३५ हा काही पवित्र आकडा नाही. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणून तिथे तो ३६च्या वर जातो. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी उतरतं, तिथे तो तिशीजवळही येतो. दोन्हीकडे मासे आहेत. मग घरातल्या टाकीत एक-दोन अंकांची एवढी धास्ती कशाला?

उत्तर माशाच्या अंगात आहे. समुद्रातल्या माशाच्या रक्तात समुद्राच्या साधारण एक तृतीयांश एवढंच मीठ असतं. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी कल्ल्यांमधून सतत बाहेर, खाऱ्या पाण्याकडे ओढलं जातं. चोहीकडे पाणी असूनही हा मासा कायम कोरडा पडत असतो. म्हणून तो समुद्र पितो. आतड्यातून पाणी घेतो, सोडियम आणि क्लोराइड कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर फेकतो, मॅग्नेशियम आणि सल्फेट थोड्याशा लघवीतून. हे काम रात्रंदिवस चालतं आणि त्याला शक्ती लागते. बाहेरचा आकडा स्थिर असला की शरीर त्या आकड्याला बसतं. तो रोज हलू लागला की शरीराला रोज नव्यानं जुळवून घ्यावं लागतं, आणि ती शक्ती रोगाशी झगडण्यातून वजा होते.

माशाकडे निदान ही यंत्रणा आहे. तारामासा, समुद्रफूल यांच्याकडे ती नाही. बाहेर जेवढं खारं तेवढंच आत. बाहेरचं पाणी एकाएकी पातळ झालं तर त्यांच्या पेशी पाणी पिऊन फुगतात, घट्ट झालं तर आकसतात. कोळंबीच्या जातीलाही अचानक बदल सोसत नाही. घाईघाईनं टाकीत सोडलेली श्रिम्प पुढे एक-दोन दिवसांत मरते, आणि कारण मात्र खाण्यात शोधलं जातं.

कोकणातल्या वाचकाला इथे जिताडा आठवेल. खाडीत भरती-ओहोटीला, उन्हाळ्या-पावसाळ्याला खारेपणा कुठल्या कुठे जातो, आणि जिताडा, बोय यांच्यासारखे मासे ते निभावतात. पेण-अलिबागकडे जिताडा शेताजवळच्या गोड्या तळ्यात वाढवण्याची जुनी पद्धत आहे. पण प्रवाळाच्या आसपास राहणाऱ्या माशांवर असा प्रसंग सहसा येतच नाही. त्यांच्या पिढ्या जवळजवळ न बदलणाऱ्या पाण्यात गेल्या आहेत. त्यांना घरी आणायचं तर ती स्थिरता घरी आणायची जबाबदारी आणणाऱ्याची.

ही जबाबदारी मासा घरी पोचतो त्या क्षणी सुरू होते. मासा मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या खोक्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत येतो. विक्रेत्यांकडचं पाणी बरेचदा मुद्दाम कमी खारं ठेवलेलं असतं. मीठ वाचतं आणि माशाला काही परजीवींचा त्रासही कमी होतो. पिशवीतला आकडा २८ आणि टाकीतला ३५ असू शकतो. कमी खाऱ्या पाण्यात जाणं माशाला झेपतं, उलट चढण जड जाते. म्हणून आधी पिशवीतलं पाणी मोजायचं. वेगळ्या टाकीत तेवढंच खारं पाणी करून मासा तिथे ठेवायचा आणि मग रोज एका अंकाच्या आत चढवत न्यायचं. आठवडा जातो. ज्याला आठवडा देता येत नाही त्यानं मासा आणू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

कुठला मासा आणावा, यालाही मर्यादा आहेत आणि त्या असायलाच हव्यात. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडा हे दोन्ही २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात ठेवणं गुन्हा आहे, विकणाराही गुन्हेगार. क्लाऊनफिशची पैदास मात्र आपल्याकडे होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र बसवलं, नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झालं आहे. जगाच्या बाजारातले बहुतेक शोभेचे सागरी मासे अजूनही प्रवाळातून पकडून आणलेले असतात. धारूरच्या टाकीतली जोडी पैदास केंद्रातली आहे, हे मामेभावानं मला न विचारता सांगितलं.

वीज गेल्यावर

रोज हातानं पाणी घालण्यापेक्षा यंत्र बरं. खालच्या टाकीत एक तरंगता गोळा किंवा प्रकाशावर चालणारा सेन्सर. पातळी बोटभर उतरली की शेजारच्या डब्यातलं गोडं पाणी लहान पंपानं आत येतं. दिवसातून एकदा चार लिटर ओतण्याऐवजी दिवसभरात थोडं थोडं जातं आणि आकडा जागचा हलत नाही. घरात एखादी वस्तू घेऊन खारेपणा सांभाळायचा तर ती हीच घ्यावी, असं मी सांगेन.

पण या यंत्राला पातळी कळते, खारेपणा कळत नाही. धारूरच्या घरात हे एकदा महागात पडलं. वीज गेली, पाणी वर चढवणारा पंप थांबला, वरच्या टाकीतलं पाणी नळ्यांतून खाली उतरलं. एवढं होतंच, त्यासाठी खाली जागा राखलेली असते. त्या दिवशी परतीच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या, नळीचं हवेचं छिद्र शेवाळानं बुजलं होतं, त्यामुळे पाणी खेचलं जात राहिलं आणि पंधरा लिटर खारं पाणी फरशीवर सांडलं. फरशी पुसली. वीज आली, पंप सुरू झाला, पातळी उतरलेली दिसली आणि यंत्रानं इमानदारीनं पंधरा लिटर पाणी भरून दिलं. गोडं. पातळी पुन्हा रेघेवर, मासे पोहताहेत, सगळं ठीक. प्रत्यक्षात ३५चे ३३च्या खाली आले होते. दोन दिवसांनी तेव्हा टाकीत असलेलं समुद्रफूल आकसलेलं दिसलं तेव्हा मोजलं गेलं. पुढे ते वाचलं नाही.

खारं पाणी दुसऱ्या वाटांनीही असंच चोरपावलांनी जातं. फेस काढणाऱ्या यंत्राच्या कपात जमणारा काळा रस खाराच असतो. काठांवर, झाकणावर, वायरींवर मिठाची पांढरी पापुद्री चढते. तेही टाकीतलंच मीठ. या सगळ्याची जागा यंत्र गोड्या पाण्यानं भरतं. म्हणून रोज पाणी घालायला विसरणाऱ्याचा आकडा चढतो, आणि यंत्रावर विसंबणाऱ्याचा महिन्यामहिन्यानं उतरतो.

उतरलेला आकडा सावरायची रीत मला फार आवडली. टाकीत थेट मीठ टाकायचं नाही. पाणी तर रोज उडतंच आहे. त्या काळात रोज तीन लिटर उडत होतं. पाच दिवस डब्यात गोड्या पाण्याऐवजी ३५चं खारं पाणी भरलं. प्रत्येक तीन लिटरबरोबर १०५ ग्रॅम मीठ आत गेलं, आकडा दिवसाला ०.४नं वर सरकला आणि पाचव्या दिवशी ३५ला आला. जी चूक एरवी टाकी बिघडवते तीच इथे मोजून मापून औषध म्हणून वापरली.

त्यानंतर मामेभावानं दोन गोष्टी कायमच्या ठरवल्या. परतीच्या नळीचं छिद्र दर रविवारी टाचणीनं साफ करायचं. आणि गोड्या पाण्याचा डबा वीस लिटरहून मोठा ठेवायचा नाही, गच्चीवरच्या टाकीला तर यंत्र कधीच जोडायचं नाही. सेन्सर अडकला आणि डबाभर पाणी आत गेलं तरी ३५चे साडेबत्तीसच होतील. हजार लिटरची टाकी जोडली असती तर सगळंच संपलं असतं.

गोडं पाणी म्हणजे कुठलं

बोअरचं पाणी चालत नाही. बालाघाटाच्या काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. भांड्यांवर पांढरे डाग पाडणारे तेच. रोज चार लिटर असं पाणी घातलं की पाणी उडतं, क्षार राहतात, आणि वर्षभरात टाकीतलं घटकांचं प्रमाणच बिघडतं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ दाखवत राहतो, पण ते ३५ आता समुद्राचे नसतात. त्यात शेतातून झिरपलेलं नायट्रेट असलं तर शेवाळाला खतच.

जारचं पाणी आरओचं असतं, पण पिण्यासाठीचं. चवीपुरते क्षार त्यात राहू दिलेले असतात. प्रत्येक जारचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, वेगळा. म्हणून मामेभावानं घरीच आरओ बसवला आणि त्याच्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या राळेचं एक नळकांडं जोडलं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य. पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती आरओ तीन लिटरच्या आसपास पाणी बाजूला टाकतो. उन्हाळ्यात चार लिटर हवे तर बारा लिटर टाकाऊ. मामींचा प्रश्न इथे येऊन थांबतो, आणि तो रास्त आहे. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते ज्यांनी बघितलं, त्यांना लिटर-लिटर मोजायची सवय कुणी शिकवावी लागत नाही.

त्या बारा लिटरांची वाट मामींनीच लावली. आरओचं टाकाऊ पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं एवढंच. भांडी, फरशी, संडासची बादली यांत ते पूर्ण खपतं. ती कामं तशीही बोअरच्या पाण्यानंच होत होती, त्यामुळे ते पाणी वाया गेलं असं म्हणता येत नाही. प्रत्यक्षात खर्ची पडतं ते वाफ होऊन गेलेलं.

बदलून काढलेल्या २५ लिटर खाऱ्या पाण्याचं मात्र असं नाही. त्यात पाऊण किलोहून जास्त मीठ असतं. ते झाडाला घालायचं नाही, परसात ओतायचं नाही, विहिरीच्या जवळपास तर नाहीच. काळ्या मातीला सोडियम सोसत नाही. मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं थांबतं. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांनी बघितला आहे, त्यांना खाऱ्या पाण्याच्या जमिनीचं दुखणं माहीत आहे. धारूरच्या घरात हे पाणी गटारात जातं. हे उत्तर निर्दोष नाही. पण पंधरा दिवसांना एक बादली, तीही सांडपाण्यात मिसळून, यापेक्षा बरी वाट छोट्या गावात नाही. टाकी जितकी लहान आणि मासे जितके कमी, तितकं हे मीठ कमी. मोठ्या टाकीच्या हौसेला आवर घालायचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात सबळ कारण हेच.

लोणारचा आकडा

वाफेनं खारेपणा कसा चढतो याचं मोठं उदाहरण याच भागात आहे. लोणारचं सरोवर. उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये पडलेल्या खड्ड्यात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. हजारो वर्षं पाणी उडत राहिलं, क्षार साठत राहिले. २०२०च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झालं. पाणी आटून खारेपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे, खाऱ्या पाण्यातच फोफावणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. पाऊस येऊन पाणी वाढलं तसा रंग ओसरला. त्या सरोवराला गोडं पाणी घालणारा पाऊसच.

किनाऱ्यावर सगळं उलट. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर समुद्र होता, रत्नागिरीच्या सागरी संशोधन केंद्रासमोरही आहे. अशा जागी मीठ विकत घ्यावं लागत नाही. मात्र पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी पातळ आणि गढूळ होतं, आणि पाणी कधी घ्यायचं नाही हे बघावं लागतं. एकीकडे पाऊस ही अडचण, दुसरीकडे तोच उपाय.

मामेभावाशी पावसाचं हे बोलणं चाललं असताना आमच्यापुढे आकडे आपोआप मांडले गेले. वर्षभराची वाफ सरासरी दिवसाला तीन लिटर धरली तर ११०० लिटर. पाणी बदलायला साडेसहाशे. दोन हजारांच्या आत वर्ष निघतं. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. गच्चीचा फक्त दहा चौरस मीटरचा कोपरा धरला, पहिल्या सरी वाहून जाऊ दिल्या, सांडलवंड वजा केली, तरी पाच हजार लिटर हाती येतात. पावसाच्या पाण्याचा टीडीएस मुळात अगदी कमी. कापडातून, कोळशातून आणि त्या राळेच्या नळकांड्यातून काढलं की आरओची गरजच नाही, टाकाऊ पाण्याचाही प्रश्न नाही. अवर्षणाच्या वर्षी पाऊस निम्मा झाला तरी माशांची गरज भागून उरतं.

मामेभावानं दुसऱ्या दिवशी गच्चीवर खडूनं रेघा मारल्या. पन्हळीचा उतार कुठे द्यायचा, गाळणी कुठे बसवायची, शेवाळ होऊ नये म्हणून टाकी काळी आणि झाकणाची. मामी जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पाच हजारांतून दोन हजार वजा केले. "उरलेल्या तीन हजाराचा नळ माझ्या मोरीत काढायचा, तर बसव," त्या म्हणाल्या. पाइपचे फूट वाढले, खर्च वाढला, पण ते कबूल झालं. काम पुढच्या मृगाच्या आत व्हायचं आहे.